डाव्या बाजूची शिवण

"हात वर कर अक्का. पोट आत ओढू नको, मी काय तुले पसंत कराले ऊनी नही."

असं म्हणत ती माप घ्यायची. धुळ्यातल्या माझ्या मॅचिंग सेंटरच्या ओट्यावर तिचं शिलाई मशीन बावीस वर्षं होतं. आपल्याकडच्या बायका काय करतात, तुम्हाला ठाऊक आहे. मापाचा म्हणून जुना ब्लाउज देतात आणि भाजी घ्यायला निघून जातात. हिला ते चालायचं नाही. "जुना ब्लाउज मागल्या सालची बाई सांगस. आज कशी शे ते टेप सांगी," असं म्हणून ती गिऱ्हाइकाला हाताला धरून उभी करायची.

ती स्वतः अंगाने भरपूर. बसली की खालचं स्टूल दिसायचं नाही. तिची आई तशी, दोन्ही मावश्या तशाच. "आमना घरमा बठ्ठ्या अश्याच शेतस," हे ती इतक्या सहज सांगायची की आडनावच सांगतेय असं वाटावं. एकदा एका आगाऊ बाईने विचारलं, "एवढं खातेस तरी काय गं?" तोंडातल्या टाचण्या काढून ती म्हणाली, "तुन्या गोष्टी ऐकीसनच पोट भरी जास."

माझं तोंड फाटकं. फूटपाथवर चादर पसरून ब्लाउजपीस विकण्यापासून मी सुरुवात केली, सुरतेच्या व्यापाऱ्यांशी एकटी भांडले. गोड बोलून माझं कधी काही झालं नाही. हिच्याशीही रोज वाजायचं. पाळी गेल्यावर माझं अंग सुटलं, तर हिने भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर जाहीर केलं, "अक्का, दोन इंच वाढनी तू!" मी चार दिवस बोलले नाही. पाचव्या दिवशी ती ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा घेऊन आली. "राग ऊना का? वाढलं ते सांगानंच पडस," म्हणाली. माफी नव्हतीच ती. पण भाकरी चांगली होती.

मग एका दुपारी वरच्या फळीवरचा दोऱ्यांचा डबा काढायला तिने हात उंच केला, आणि मला तिच्या ब्लाउजची डावी बाजू दिसली. शिवण उसवून पुन्हा घातलेली, दोरा वेगळा, आतलं कापड अगदी काठापर्यंत सोडलेलं. उजवी बाजू मूळचीच होती.

"एकच बाजू का सोडलीस गं?"

"ती जास्ती सुटनी. आमना घरनं अंगच तसं."

"अंग सुटतं ते दोन्हीकडून सुटतं!" मी ओरडले. गिऱ्हाइकांना बाहेर काढलं, अर्धं शटर ओढलं आणि तिचा हात धरून आत नेलं. काखेजवळ बोटांना कच्च्या बोरासारखं टणक लागलं. दुखत नव्हतं, म्हणून तिने सोडून दिलं होतं.

आठ महिन्यांत तिने ती शिवण तीनदा सोडली होती. सगळ्या गावाला टेप लावणारी ही बाई स्वतःचे ब्लाउज मात्र जुन्या ब्लाउजवरून बेतायची. माझे दोन इंच चारचौघांत सांगितले आणि स्वतःचा अर्धा इंच माझ्यापासून लपवला. तो राग माझा अजून गेलेला नाही. माणूस गेल्यावरही राग राहतो, हे मला आधी माहीत नव्हतं.

जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी तपासणीचे कागद पाहिले आणि घरच्यांचं विचारलं. आईचं, मावश्यांचं, मुलीचं. धाकट्या मावशीला अशीच गाठ होती, हे तेव्हा निघालं. बाईंनी सांगितलं, की वजन लवकर वाढण्याचा कल आईबापाकडून येऊ शकतो, आणि पाळी गेल्यानंतर अंगावर चरबी वाढली की या आजाराचा धोकाही वाढतो.

तिने पदर डाव्या बाजूवर ओढून घेतला. मग म्हणाली, "मंग मनी आंडेरले हाई मीच दिधं का?"

आंडेर म्हणजे लेक. एरंडोलला दिलेली, अंगाने आईवरच गेलेली.

"तुम्ही अंगकाठी दिली असेल, आजार दिला असं नाही," बाई म्हणाल्या. "कल म्हणजे निकाल नव्हे. जाड बायका सगळ्याच आजारी पडत नाहीत आणि बारीक बाई सुटते असंही नाही. पण तुम्हाला झालाय, मावशीला होता, तर मुलीने आतापासून तपासून घ्यावं. वजन आवरावं. तेवढं हातात आहे."

मी सवयीने घासाघीस केली. केमोच्या सहा वेळा सांगितल्या, त्या चार होणार नाहीत का? बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "इथे एकच भाव आहे, अक्का."

ऑपरेशन झालं, केस गेले, ती वाळत गेली. पण तिच्या डोक्यात लेकीखेरीज काही नव्हतं. आणि लेक यायला तयार नव्हती. "लहानपणापासून सगळ्यांनी जाडी म्हणून चिडवलं," ती फोनवर मला म्हणाली. "आता डॉक्टरसमोर उभी राहून तेच ऐकू?" मी तिलाही झापलं. उपयोग झाला नाही.

त्या वर्षी लेक आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली. दारातल्या कडुलिंबाला झोका बांधला होता, पण ती बसली नाही, फांदी मोडेल म्हणून. आईने ते पाहिलं. उठवत नव्हतं तरी उठली आणि स्वतः झोक्यावर बसली. "ये मनाजोडे. मोडनी ते दोन्ही पडू."

दोघी बसल्या. दुसऱ्या दिवशी लेक आपणहून गाडीत बसली.

जळगावच्या दवाखान्यात लेकीला आत नेलं. आम्ही दोघी बाहेर बाकावर. तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. एवढी मोठी बाई, आणि खांद्याला काही भारच लागेना. लेक बाहेर आली, रडून डोळे सुजलेले, पण हसत. "काही नाही गं आई. वर्षाने परत बोलावलंय."

तिने डोळे न उघडता विचारलं, "बठ्ठं तपासं ना? दोन्हीकडलं?"

"दोन्हीकडचं."

"मंग चाल घर."

पावसाळा सरता सरता ती गेली.

यंदा आखाजीच्या आधी एक बाई दुकानासमोर रिक्षातून उतरली. हातात पिशवी, पायात चालायचे बूट, घामाने चिंब. एरंडोलहून जळगाव जवळ, तरी उलटी थेट माझ्याकडे आली होती, माहेरच्या घरीही गेली नव्हती.

"अक्का, दुकान कोणावर तरी टाका," लेक म्हणाली. "वर्ष झालं. जळगावला जायचंय."