असिटोनचा वास

केमिकलकाका शिफ्टवरून परतले की त्यांच्या आधी त्यांचा वास गल्लीत शिरायचा. रोह्यात आमची दारं समोरासमोर. त्यांच्या कंपनीत औषधांचा कच्चा माल बनायचा आणि त्याला पिंपांनी असिटोन लागायचं. नेलपॉलिश पुसायच्या बाटलीला येतो तोच गोडसर, नाकात चढणारा वास. सुरुवातीला मी खिडकी लावून घेई. पुढं त्या वासावर कुकर लावू लागले.

काका अकरावी नापास. पण मी शाळेत जी सेंद्रिय रसायनं शिकवते, त्यांच्यावर काकांचा माझ्यापेक्षा जास्त जीव. चहाला आले की केळं हुंगून त्याला वास देणाऱ्या एस्टरचं नाव सांगत. "बाई, तापाची गोळी नि साडीचा रंग, दोघी डांबराच्या लेकी हायत. माहेर कुणी इचारत नाय, एवढंच." माझ्या वर्गात हे ऐकवलं असतं तर निम्मी मुलं जागी राहिली असती.

एकदा मी आतल्या खोलीत वह्या आवरत होते नि माझं दूध करपलं. धूर दिसेपर्यंत काका गॅसशेजारी बसून बोलतच होते. वास आला तशी मी धावत येऊन गॅस बंद केला.

"नाक गेलंय माझं," ते हळूच म्हणाले. "दोन वर्सं झाली. काकीला सांगू नका, उगा घोर लावून घेईल."

"आणि केळ्याचा वास?"

"तो पाठ हाय."

काकींना मधुमेह, रोज इन्सुलिनची सुई. हरतालिकेला त्यांनी कडक उपवास धरला आणि सुई घेतली नाही. "पोटात कण नाय, तर सुई कशाला गो?" मी विज्ञान शिकवते, तरी मला ते पटलं. दुसऱ्या दिवशी गणपती आले, मोदकांच्या गडबडीत सुई पुन्हा राहिली. ऋषिपंचमीला सकाळी उलट्या सुरू झाल्या. सगळे म्हणाले, उपवासाचं पित्त. मी आल्याचा रस घेऊन गेले. काकी धापा टाकत होत्या. त्यांना पाजायला वाकले, तर तोच असिटोनचा वास. काका रात्रपाळीहून येऊन कंपनीच्याच कपड्यांत उशाशी बसले होते. मला वाटलं, त्यांचाच. आमच्या गल्लीत त्या वासाला कुणी दचकत नसे. मी घरी आले, भात लावला.

संध्याकाळी जीपमधून पेणला नेलं. नागोठण्यापर्यंत त्या बोलत होत्या. पेणला पोचलो तेव्हा उशीर झाला होता. डॉक्टरांनी समजावलं, इन्सुलिन नसलं की शरीर चरबी जाळतं, त्यातून असिटोन तयार होतं आणि श्वासात उतरतं. "घरात कुणाला वास नाही आला?"

"मी जवळच होतो," काका म्हणाले. "आख्खा जन्म त्याच वासात गेला माझा."

मला रडू आलं नाही. अजूनही येत नाही. तेराव्यानंतर काका पेणला लेकीकडे राहायला गेले. दर दिवाळीत मी भेटायला जाते. ते दर वेळी तेच म्हणतात, "बाई, तिच्याजवळ एक धड नाक असतं तर ती वाचली असती."

धड नाक होतं, माझं. दर वर्षी हे सांगायचं ठरवून जाते, आणि चहा पिऊन सहाच्या गाडीनं रोह्याला परत येते.