डबीची पाटी

भागूबाई म्हणजे बाई नव्हे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढे घोळ होईल. चांगला मिशीवाला, अर्धं टक्कल पडलेला, चष्मे दुरुस्त करून पोट भरणारा गडी. पण भित्रा इतका की सोय नाही. लग्नानंतर थोड्याच दिवसांत एकदा स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि हा हातातल्या कपासकट बाहेर जिन्यात जाऊन उभा राहिला. बायको हसता हसता खालीच बसली. "अहो, तुम्ही तर भित्री भागूबाईच निघालात!" ती म्हणाली, आणि तिचा आवाज असा खणखणीत की ते वरच्या मजल्यापर्यंत गेलं. झालं! आईबापांनी ठेवलेलं नाव बाराच्या भावात गेलं. आता गिऱ्हाइकंसुद्धा "भागूबाई आहेत का?" असं विचारतात, आणि कुणी खऱ्या नावानं हाक मारलीच तर हा स्वतःच मागे वळून बघतो, कुणाला बोलावतायत म्हणून.

लिफ्टमध्ये एकटा चढणार नाही. फोन अवेळी वाजला तर आधी पाणी पिणार, मग उचलणार. पण कामात मात्र हीच भीती त्याच्या उपयोगी पडे. पेच फिरत नसला तर दुसरा कुणी जोर लावून मोकळा होईल. भागूबाई जोर लावायचाच नाही. तेलाचा थेंब सोडायचा, थांबायचा, पुन्हा हळूच बघायचा. त्याच्या हातून कुणाची काच फुटली असं कधी झालं नाही. आणि काम संपलं की त्याची एक खोड होती. चष्मा कानाशी धरून काडी उघडायची, मिटायची, उघडायची, मिटायची. बिजागरीचा खेळ ऐकायचा. कर्र वाजलं तर तेल, खडखडलं तर पेच पुन्हा आवळायचा, काहीच वाजलं नाही तर गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. इतकी वर्षं हेच केल्यामुळे हात आपोआप चाले, डोक्याला विचारायची गरजच नसे.

बायको त्याच्या अगदी उलट. ती गोदाम सांभाळायची. ट्रकवाल्यांशी असं भांडायची की दोघं-तिघं मिळून बोलले तरी तिच्यापुढे टिकत नसत. घरातलं सगळं बोलणं तिनं करायचं आणि यानं मान डोलवायची, असा संसार छान चालला होता.

मग तिची जीभ जड झाली. आधी वाटलं थकवा असेल. मग बोलणं अडखळू लागलं, मग बंदच पडलं. डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं आणि भागूबाईच्या तोंडचं पाणी पळालं, कारण पुढे काय काय जाणार तेही त्यांनी सांगितलं. तसंच एकेक जात गेलं. बोटं आखडली, मान टिकेना.

तेव्हा गोदामातली डबी कामाला आली. डबी म्हणजे तळहातावर मावणारा जुना छोटा कॉम्प्युटर. झाकण उघडलं की वर पडदा, खाली बारीक बटणं. माल मोजायला तिला कधी काळी मिळालेला. ती बटणं दाबून बोलायची. "चहात साखर नाही." "मिशी कापा, भूत दिसता." मोबाईल देऊन पाहिला होता, पण त्याच्या काचेला नुसता हात घासला तरी भलतंच उघडायचं, आणि तिचा हात तर सारखा घासायचाच. डबीचा पडदा जुन्या पद्धतीचा. पेनानं नीट दाबल्याशिवाय त्याला काही कळत नसे. तिच्या हाताला तोच बरा.

पण आता बोटं पार मिटली. बटणं दाबता येईनात. मुठीत जाड पेन दिलं तर मनगट हलवून पडद्यावर टेकवता येई, तेवढंच उरलं होतं. शेजारच्या दुकानातल्या मोबाईलवाल्यानं पडद्यावरच खालच्या बाजूला मोठी अक्षरं मांडून दिली, तिच्या डोळ्यांना बरं म्हणून काळ्यावर पांढरी. लिहिलेलं वरच्या भागात उमटायचं. अडचण एकच. ती पाठीवर निजलेली. डबी छातीवर ठेवली की झाकण उभं राहायचं आणि पडद्यापर्यंत जाताना हात बटणांना लागून भलतीच अक्षरं पडायची. झाकण पूर्ण मागे वळून पाठीला पाठ लागली पाहिजे, बटणं खाली आणि पडदा वर. डबीची पाटी झाली पाहिजे.

"बिजागरी तुमचा प्रांत," मोबाईलवाला म्हणाला. माणूस तोंडाचा फटकळ, पण मनाचा बरा. त्यानं झाकणाच्या मुळाशी नख टेकवलं. "ही केशरी पट्टी दिसते? कागदापेक्षा पातळ. बिजागरीच्या पोटातून जाते. पडद्याला जे काही कळतं ते हिच्यातून. ही गेली की पडदा आंधळा, आणि असली पट्टी आता कुठेही मिळत नाही. मी नाही बाबा हात लावणार."

"आणि मी लावू?" भागूबाईचा आवाज चिरकला.

"मग कोण लावणार? एवढं ऐका मात्र. एकदा झाकण मागे वळवून बसवलं ना, की परत हलवायचं नाही. अजिबात नाही. जुनी पट्टी आहे, तडकेल."

भागूबाईनं डबी रुमालात गुंडाळून खिशात घातली आणि काम पुढे ढकलायला सुरुवात केली. आज उजेड बरा नाही. आज हात थरथरतोय. आज गिऱ्हाईक फार आहे. गिऱ्हाईक कसलं, एक म्हातारे गृहस्थ चष्म्याची नाकावरची गादी बदलायला आले होते!

मेहुणी रोज बहिणीचं करायला यायची, ती शेवटी भडकली. "भावजी, तिचं तोंड खिशात घालून फिरताय तुम्ही. कळतंय का?"

कळत होतं. पण खरं कारण तिला सांगता येत नव्हतं. पट्टी तुटेल ही भीती होतीच. पण तिच्याखाली दुसरी एक होती, तिनं तर त्याची झोपच उडवली होती. बायकोची छाती आता दमत चालली होती. गळ्यातून नळी घालून श्वासाचं यंत्र लावायचं की नाही, हे लवकर ठरवायला हवं होतं. डॉक्टर म्हणाले होते, "उत्तर त्यांचं हवं. तुमचं नाही, बहिणीचं नाही." तिला डोळे मिटायला सांगून हो-नाही विचारून पाहिलं, पण पापण्या आपल्या आपणच लवायच्या, एकदा विचारलं तर हो, पुन्हा विचारलं तर नाही.

आणि तिचं उत्तर भागूबाईला ठाऊक होतं. निदान त्याला तसं वाटत होतं. काही वर्षांमागे तिच्या एका मामांना दवाखान्यात असंच नळ्या लावून ठेवलं होतं. बघून बाहेर आल्यावर ती पायऱ्यांवरच म्हणाली होती, "मला नाही बाई असं लोंबकळत ठेवायचं. सरळ बंद करा म्हणावं." ते वाक्य त्याच्या कानात बसलं होतं. डबी मोडली तर ती कायमची मुकी, आणि डबी जमली तर ती आपल्याच तोंडानं नको म्हणणार. कुठूनही बघा, त्याला पळायला वाट नव्हती.

दवाखान्यातली सिस्टर दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर घ्यायला येणार असा निरोप आला, तेव्हा तो दुकानाचं अर्धं शटर ओढून बसला. जीव मुठीत धरूनच बसला. जाड फ्रेमच्या दोन जुन्या बिजागऱ्या निवडल्या. डबीच्या बिजागरीला एक अडण होती, झाकण थोडं कललं की तिला अडायचं. ती त्यानं श्वास रोखून घासून काढली. मग चष्म्याच्या दोन्ही बिजागऱ्या एका छोट्या पत्र्यानं जोडल्या, म्हणजे एक अर्धं वळण घेईल आणि उरलेलं दुसरी घेईल. केशरी पट्टी गुंडाळीतून थोडी मोकळी केली. ती बोटांत आली तेव्हा त्याला घाम फुटला. एवढ्याशा फितीत आपली बायको आहे, असं त्याच्या मनात आलं आणि त्यानं चिमटा खाली ठेवला. पाणी प्यायला. पुन्हा उचलला.

शेवटचा पेच बसला. झाकण मागे गेलं, आणखी मागे गेलं, आणि पाठीला पाठ टेकली. पडदा लागला! सगळी अक्षरं जागच्या जागी. भागूबाई एकटाच मोठ्यानं हसला. आणि त्याच आनंदात त्याच्या हातानं डबी उचलून कानाशी धरली, आणि झाकण उघडलं, मिटलं, उघडलं, मिटलं.

काहीच वाजलं नाही. खेळ अगदी बरोबर.

मग त्याला मोबाईलवाल्याचे शब्द आठवले. घाईघाईनं झाकण मागे वळवून त्यानं पडदा पाहिला. खालची अक्षरं दिसत होती, शाबूत. वरचा भाग काळा, पण तो काळाच असायचा. 'वाचलो,' तो मनाशी म्हणाला, आणि शटर ओढून घरी गेला.

सकाळी सिस्टर आली. मेहुणीनं बहिणीच्या पाठीशी उशा लावल्या, मुठीत पेन दिलं, डबी छातीवर आडवी ठेवली आणि दूध आणायला खाली गेली. सिस्टरनं स्वच्छ शब्दांत विचारलं, "गळ्यात नळी घालून यंत्र लावायचं का? हवं तेवढा वेळ घ्या."

भागूबाईला ते बघवेना. तो खिडकीपाशी जाऊन पाठ करून उभा राहिला. खाली कुणीतरी सायकल धूत होतं. मागे पेन टेकू लागलं. टक. बऱ्याच वेळानं टक. टक. तिचा श्वास घरघरत होता. टक. त्याला वाटलं कान झाकून घ्यावेत. हे चाललं तरी किती! त्यानं खिडकीचा गज धरला.

मग आवाज थांबला. सिस्टर वाकून वाचू लागली.

"त्या नको म्हणतायत," ती हळू आवाजात म्हणाली.

भागूबाई वळला. काळ्या पडद्यावर, अक्षरांच्या जरासा वर, पांढरा एकच शब्द होता. नको. तो खुर्चीत बसला नाही, कोसळला. ती तशीच होती, पायऱ्यांवर होती तशी. आता करणार काय?

पण ती थांबेना. पेन पडद्यावर नाही, बाजूला, बिजागरीवर आपटू लागली. टकटक, टकटक. डोळे त्याच्यावर रोखलेले.

"थकल्यात हो त्या," सिस्टर म्हणाली. "आता त्रास नको द्यायला. मी डॉक्टरांना कळवते." ती फोन काढून दाराकडे निघाली.

टकटक. भागूबाई त्या बिजागरीकडे बघत राहिला. आपल्यावर चिडली असेल, त्याला वाटलं. आणि मग त्याच्या कानानं काहीतरी सांगितलं, डोक्याच्याही आधी. मघाशी किती वेळ चालला होता तो आवाज! दोन अक्षरांना एवढी टकटक लागते?

त्यानं हात पुढे केला आणि सैल काडी धरतात तशी ती बिजागरी अंगठा आणि बोटात चिमटीत धरली. हलकेच दाबली.

पडद्याचा वरचा भाग थरथरला आणि ओळी वर आल्या.

अहो भागूबाई
मला भीती वाटते
मला एवढ्यात मरण
नको

"सिस्टर!" तो ओरडला. या घरात त्याचा एवढा मोठा आवाज कुणी कधी ऐकलेला नव्हता. "सिस्टर, थांबा! फोन करू नका! इकडे या, इकडे!"

दूध घेऊन जिना चढणारी मेहुणी धावत आली. सिस्टरनं वाचलं, पुन्हा वाचलं, आणि कानाला लावलेला फोन खाली घेतला. "यंत्र लावायचं?" तिनं पुन्हा विचारलं, आणि या वेळी तिघांच्या डोळ्यांदेखत पेन हळूहळू सरकलं. हो.

भागूबाईला हुंदका आला. सगळ्यात जास्त त्याला कशानं हलवलं असेल, तर त्या दुसऱ्या ओळीनं. ट्रकवाल्यांना पळवणारी बाई, त्याला आयुष्यभर भागूबाई म्हणून चिडवणारी बाई, आणि ती इतके दिवस त्याच्याच खोलीत त्याच्याइतकीच घाबरून पडली होती. त्यानं तिला एकदाही विचारलं नव्हतं. विचारायलाच तो भ्यायला होता. आणि अजून थोडा वेळ तो तसाच खुर्चीत बसून राहिला असता, तर? त्याच्या सर्वांगाला कापरं भरलं.

कापरं अंगठ्यापर्यंत गेलं. ओळी विझल्या. त्यानं दुसऱ्या हातानं मनगट घट्ट धरलं, त्या परत आल्या.

"भावजी, बसा हो, पडाल," मेहुणी म्हणाली आणि तिनं खुर्ची पलंगाला लावली. तो बसला, पण हात सोडला नाही. पेन पुन्हा चालू लागलं होतं. टक. टक. या खेपेला तो पाठ न करता एकेक अक्षर बघत होता.

अंगठा काढू नका

"नाही काढत," भागूबाई म्हणाला. अंगठा अजून थरथरत होता. ओळ जात होती, येत होती. ती गेली की बायको पेन उचलून थांबायची, आणि आली की पुढचं अक्षर शोधायची.