जाऊबाईच्या बोअरचं गोड पाणी

जाऊबाईच्या अंगणात बोअरले पाणी लागलं, त्या दिवशी मी जेवली नाही. खोटं कायले सांगू? कापसानं त्या सालांत साऱ्या गावाले रडवलं होतं. बोंडात अळी, बाजारात भाव नाही. पण जाऊबाईचं माहेर दिग्रसचं, भाऊ बोअरच्या गाडीवर. त्यानं बहिणीच्या दारात मशीनच आणून उभी केली. माह्या माहेरून भाऊबीजेले साधं लुगडं येत नव्हतं.

आमची दोन घरं, मधात एक भिंत. तिकडं बटन दाबलं की हंडा भरे, इकडं मी गावविहिरीवरून पाण्याचे गुंड डोक्यावर आणत होती. विहिरीचं पाणी जड. तुरीची डाळ किती रटरटली तरी दाणा आख्खाच. आमच्याकडं पाण्याची पारख डाळीवर. डाळ शिजली तं पाणी चांगलं, नाही शिजली तं खराब. बोअरच्या पाण्यात डाळ लोण्यावानी विरघळे. आमचे हे जेवता जेवता म्हणत, "वयनीच्या घरचं वरण काय लागते!" माही तळपायाची आग मस्तकात जाये.

माह्या पोरीचे तवा दुधाचे दात होते. जाऊबाईची पोरगी चांगली आठवीत. तिचे नवे फ्रॉक, रिबिना, समदं सोसलं मी. पण तिनं गोड पाणी प्यावं अन् माह्या लेकरानं जड? मी घरात भांडली, अबोला धरला. शेवटी भासऱ्यांनी भिंतीले भोक पाडून नळी इकडं काढून दिली.

जाऊबाई म्हणे, "घे माय. मागितलं असतं तं मी काय नाही म्हटलं असतं?"

तेही मले टोचलंच. पहिला गिलास मी पोरीले पाजला. "पे बाई, पोटभर पे."

तिचे पक्के दात आले ते खडूवानी पांढरे ठिपके घेऊन. मंग पिवळे झाले, मंग तपकिरी रेघा. मले वाटलं, घासत नाही कारटी. राखुंडीनं इतकं घासून घेतलं की हिरड्यांतून रक्त आलं.

मंग पाणी तपासणारे आले, बाटल्या भरून नेल्या. परत आले अन् बोअरच्या पाइपाले लाल रंग मारला, म्हणजे हे पाणी प्याचं नाही. पाण्यात फ्लोराईड निघालं होतं. विहिरीचं पाणी जड, पण प्याले चांगलं.

"पण साहेब, याच्यात डाळ तं मस्त शिजते!" जाऊबाई म्हणाली. मीही तेच म्हणणार होती.

"डाळीवरून नाही समजत बाई," साहेब म्हणाले. लहानपणी हिरडीत दात बनत असतात तवाच हे पाणी त्याले डाग पाडते, एकदा पक्के आले की नाही पाडत, असं त्यांनी समजावलं. हे डाग आता जाणार नाहीत म्हणे.

म्हणजे एकाच बोअरचं पाणी दोघी प्यायल्या अन् डाग माह्याच पोरीले! जाऊबाईनं लय हळहळ केली. तिची हळहळही मले पाहवत नव्हती.

जाऊबाईच्या पोरीच्या लग्नात माही पोरगी करवली होती. फोटोवाला म्हणे, "करवलीबाई, हसा जराशा!" तिनं ओठ घट्ट मिटले, वरून हात ठेवला. बाजूले नवरी दात दाखवत खळखळून हसून राह्यली होती. मांडवातले सारे तिच्याकडं कौतुकानं पाहत होते. मले वाटलं, उठावं अन् जाऊन तिचंही तोंड दाबावं.