ऑफ की फ्रॉम

लोणावळ्यातले ते निवृत्त कारकून ओसरीवर बसून खेडुतांना इंग्रजी अर्ज लिहून देत. पैसे घेत नसत. मी त्यांच्याकडे इंग्रजी शिकायला जाई. इंग्रजी क्रियापदापुढं ‘ऑफ’ हवं की ‘फ्रॉम’, यात कुणी चुकलं, तर त्यांचं कपाळ दुखे.

एकदा आंदर मावळातून चालत एक म्हातारी आली. धरणात तिचं भातखाचर जाणार होतं आणि तक्रारी ऐकणारा साहेब दुपारच्या गाडीनं निघणार होता; तक्रारी घेण्याचा तो शेवटचा दिवस होता. अर्ज सहीपर्यंत आला, तेव्हा ते थबकले.

“‘डिप्राइव्ड मी’, म्हणजे ‘माझ्याकडून हिरावून घेतलं’, याच्या पुढं ‘ऑफ’ हवं. मी ‘फ्रॉम’ लिहिलं!”

“खोडून दुरुस्त करा ना,” मी म्हणालो.

“साहेबापुढं खाडाखोड?” त्यांनी कागद फाडला आणि वळणदार अक्षरात पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलं.

म्हातारी अर्ज घेऊन स्टेशनाकडे धावली, ती रिकाम्या फलाटावरून परत आली.

“गाडी गेली, भाऊ.”

“टपालानं पाठवू, मावशी. आता त्यात एकही चूक नाही.”

तिनं कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. “चूक न्हाई, व्हय. पर खाचर बी न्हाई.”

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मीही माझी धड्याची वही मिटली.