सुट्या तारेचा इलाज

तारा जोडताना सोल्डरचा धूर नाकात गेला, की मला कॉलेजातला शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आठवतो. भट्टीचं तापमान आठ ठिकाणी मोजणारं यंत्र होतं. पण आठव्या तारेला काहीच जोडलेलं नसताना तिथेही सातवीचाच आकडा दिसे. दुसऱ्या दिवशी परीक्षा होती, नापास झालो तर वर्ष गेलं.

हातमागावर विणणारे बाबा भेटायला आले होते. ती मोकळी तार पाहून म्हणाले, "काहून गा, हे टोक सुटं ठेवलं? सुटा धागा शेजारच्याले धरते. बांधून टाक!"

मी ती तार अर्थला, म्हणजे जमिनीला जोडलेल्या तारेला बांधली. आकडा शून्यावर आला.

दुसऱ्या दिवशी मुंबईहून आलेले परीक्षक ती बांधलेली तार पाहून खूश झाले. "हे कुठून शिकलास?"

घाबरून मी गावाचंच नाव सांगितलं, "सर, उमरेड."

"हां, उमरेड! त्याचं पुस्तक वाचलंय मी. फार सोपं लिहितो."

मी मान डोलावली. बाबांना सहीपुरतंच लिहिता येत होतं.