कुलपात राहिलेली सांधणी

या सदरातले अनुभव मी आजवर फक्त हसायला वाचत आले. खरंच सांगते. पिंपळ, पांढरी साडी, मागून वाजणाऱ्या चपला... वाचायचं आणि स्टाफरूममध्ये तिखटमीठ लावून सांगायचं. मी बेळगावातल्या एका मराठी शाळेत नववीला विज्ञान शिकवते. वर्गात कुणी "बाई, भूत असतंय काय?" विचारलं की त्यालाच उभं करून घर्षणाचा धडा वाचायला लावते. तेव्हा आज मीच हे लिहायला बसलेय याची मला लाज वाटतेय, पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय आता राहवत नाही.

आमचं घर वडगावात. माझं माहेर हिंडलग्याचं, शेतकऱ्याचं, सासर विणकरांचं. लव्ह मॅरेज. एरवी मी नवऱ्याला महेश म्हणते आणि सासूबाईंसमोर 'अहो' म्हणते. हे त्यांना पक्कं ठाऊक आहे, तरी आम्ही दोघी बारा वर्षं हे नाटक नेटानं चालवतोय. सासूबाईंना मी आत्ती म्हणते. त्यांच्या लेखी मी अजून भाताच्या शेतातनं आलेली पोर, दोऱ्यातलं काही न कळणारी.

घराच्या मागच्या खोलीत एक पॉवरलूम उरला होता. सासरे गेल्यापासून बंदच. तो भंगारात द्यायचं ठरलं तेव्हा आत्तींनी हट्ट धरला — मागावरून एक शेवटची साडी उतरवू, मग न्या. आता नवी साडी लावायची म्हणजे नवे उभे धागे चढवायचे, आणि जुन्या धाग्यांची जी टोकं मागात राहिलेली असतात त्यांना नव्यांची टोकं एकेक करून जोडायची. याला सांधणी म्हणतात. हजारो टोकं असतात. बोटांना राख लावायची, दोन टोकं चिमटीत धरायची, पिळायची, ओढायची... पुढचं टोक. हे बायकांचं काम. महेश याच खोलीत वाढला, पण सांधणीला कधी बसला नव्हता.

अडचण एवढीच की आत्तींचे हात कापायचे. दोन-अडीच वर्षांपासून. इतके, की चहाचा कप तोंडापर्यंत येईतो अर्धा सांडायचा. मग महेशच रोज सकाळी कामावर जायच्या आधी त्यांच्या तोंडाला कप लावायचा. "ल्हानपणी मी पाजिवलं, आता तू पाज," असं म्हणत त्या मजेत प्यायच्या. असल्या हातांनी महिनाभर बसून त्यांनी अर्धी सांधणी केली होती. एकदा तिथंच चक्कर येऊन पडल्या. कपाळाला खोक पडली, तरी दुसऱ्या दिवशी परत जाऊन बसल्या.

अशात ऑगस्टमधला लाँग वीकेंड आला. बारा वर्षांत आम्ही दोघंच असे कुठं गेलोच नव्हतो. लग्न, देवदर्शन, दवाखाना — आमचं फिरणं ते एवढंच. लाँग वीकेंड आला की अर्धं बेळगाव गोव्याला आणि उरलेलं आंबोलीला पळतं, म्हणून आम्ही उलट्या दिशेला बोरगावजवळचं एक होमस्टे बुक केलं. उसाच्या मळ्यात, तंबाखूच्या जुन्या वखारीच्या दोन खोल्या करून घेतलेल्या. आमची लेक हिंडलग्याला आजोळी. शेजारच्या कमळाक्का आत्तींच्या सोबतीला यायच्या होत्या.

पण आम्ही नसताना आत्ती मागावर बसणार आणि परत पडणार, ही महेशची धास्ती. त्यानं नवीन कुलूप आणलं आणि मागच्या खोलीला लावायला निघाला.

आत्ती दारातच उभ्या राहिल्या. "आर्धी सांधणी कुलपात घालू नगंस रं."

"दोन दिवसांचा तर प्रश्न हाय आई. रविवारी संध्याकाळी उघडतो."

"न्हाय. आर्ध्यावर सोडायची तर फुडं बसणाऱ्यानं एक गाठ मारायची असती. म्हंजे काम निराधार ऱ्हात न्हाय. माझ्या सासूनं मला तसंच दिलंय. तू एक गाठ मार, मग घाल कुलूप."

बाहेर गाडीत बॅगा भरलेल्या. मी घड्याळ बघत होते. मीच म्हटलं, "अहो, मारा की एक गाठ, काय जातंय?" हे वाक्य मला आता झोपू देत नाही.

महेश हसत मागाशी जाऊन बसला. आत्तींनी त्याची बोटं राखेत बुडवली, आपल्या थरथरत्या हातांनी त्याचा हात धरला आणि एक गाठ मारून घेतली. लठ्ठ, वाकडी गाठ. "झालं?" "व्हय, झालं बघ," म्हणत त्या उठल्या. महेशनं कुलूप घातलं. कुलपाच्या तिन्ही किल्ल्या एकाच रिंगेत होत्या, ती त्यानं पँटच्या खिशात टाकली. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

शुक्रवार छान गेला. झुणका, भाकरी, तांबडा रस्सा. वखारीच्या भिंतीतला तंबाखूचा वास अजून गेलेला नव्हता, त्यामुळे आम्ही आळीपाळीनं शिंकत होतो. होमस्टेचे मालक आप्पा आणि त्यांच्या पत्नी आक्का, दोघंही गप्पिष्ट. बारा वर्षांचं साचलेलं आम्ही एका संध्याकाळी बोलून टाकलं. मी महेशला म्हटलं सुद्धा, "आपण एकमेकांना आवडतो की रे अजून!"

शनिवारी सकाळी साडेदहा-अकरा वाजले असतील. चांगलं ऊन पडलेलं. आम्ही वखारीच्या पुढच्या सोप्यावर बसलेलो. महेशच्या हातातून पेपर खाली पडला. बघते तर त्याची बोटं हलत होती. चिमूट, पीळ, ओढ. चिमूट, पीळ, ओढ.

"काय हे, मोबाईल नसला तर करमत नाही का?" मी म्हटलं.

"अगं... थांबंना झालेत."

मला वाटलं चेष्टा करतोय. त्याला तशी खोड आहे. पण त्याच्या कपाळावर घाम आला होता. मी त्याचे हात धरले, तर ते सहज निसटले आणि पुन्हा हवेत चालू झाले. मी मांडीखाली दाबून धरायला सांगितलं. दबलेल्या हातांची बोटंही हलतच होती.

आप्पा धावत आले. "आमच्यात इडी वळत्यात तसंच करायला लागलाय की ओ," ते म्हणाले. निपाणी भागात विडी घरोघरी वळतात, त्यांना दुसरं काय आठवणार? पण आक्कांनी सगळा जन्म विड्या वळल्यात. त्या खाली वाकल्या, बराच वेळ बघत राहिल्या.

"न्हाय. ही इडी न्हवं. ह्यो दोऱ्याला गाठी मारायलाय."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दर पाच-सहा गाठींनी त्याचा उजवा हात बाजूला जात होता, काहीतरी टिपून परत येत होता. आत्ती राखेची वाटी तिथंच ठेवतात.

मी घरी फोन लावला. कमळाक्कांनी उचलला. "आत्ती? झोपल्यात गं. चा घेतला आनि लवंडल्या त्या लवंडल्याच. लई गाढ झोप लागलीया. आनि काय सांगू, आज हात अजिबात कापंनात बघ!" त्यांच्या आवाजात आनंद होता. मी बरं म्हणून फोन ठेवला.

बोरगावातून डॉक्टर आले. बीपी ठीक, शुगर ठीक. त्यांनी इंजेक्शन दिलं. महेशचे डोळे जडावले, मान कलली, पण बोटं चालूच. त्या अर्धवट झोपेत तो म्हणत होता, "धर की गं हात... धर की." मी धरत होते आणि ते निसटत होते. मला गाडी चालवता येत नाही, स्कूटीच्या पुढं मी कधी गेले नाही. पोर रडायला लागलं की कडेवर तरी घेता येतं. इथं मला काहीच करता येत नव्हतं. मी त्याच्यासमोर बसून सहा तास त्याची बोटं बघितली.

पाचच्या सुमाराला हात थांबले. त्यानं दोन्ही तळवे आडवे फिरवले, काहीतरी सपाट केल्यासारखे, मग हात जोडले. सांधणी संपली की आत्ती हेच करतात. मग तो झोपला. मी त्याचे हात पुसायला घेतले. दहाही बोटांची टोकं राखाडी झाली होती. ओल्या रुमालावर राख उतरली. आक्कांची चूल नाही, गॅस आहे. त्या सोप्यावर राख कुठून येणार?

रविवारी सकाळी आप्पांनी स्वतः आमची गाडी चालवत आम्हाला आणलं. तवंदी घाट, संकेश्वर... महेश हात मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत होता. हात थोडे कापत होते. थकवा असेल, असं मी मनाला सांगितलं.

घरी आल्या आल्या मी त्याच्या खिशातून रिंग काढली आणि मागची खोली उघडली. कुलूप जसंच्या तसं, खिडकीला गज.

सांधणी पुरी झाली होती.

एकही टोक सुटं नव्हतं. राखेची वाटी तळापर्यंत रिकामी. निम्म्या गाठी आत्तींच्या आजारातल्या, लहानमोठ्या, ओबडधोबड. मग महेशची ती एक लठ्ठ गाठ. आणि तिच्यापासून पुढं काठापर्यंत बारीक, एकसारख्या गाठी, चाळीस वर्षं सांधणी केलेल्या बाईच्या हातच्या. कमळाक्कांना मी चारदा विचारलं. शेवटी त्या चिडल्या. "आगं, मी कशाला खोटं बोलू? त्या खाटंवरनं हाललेल्या न्हाईत!"

आत्तींना मात्र आनंद झालेला दिसला नाही. मी चहा केला. सवयीनं महेशनं कप उचलला, त्यांना पाजायला. कप बशीवर खडखडला आणि चहा त्यांच्या पदरावर सांडला. आत्तींनी त्याच्या हाताकडं पाहिलं. मग स्वतःचे हात उचलून डोळ्यांसमोर धरले. ते स्थिर होते.

"ह्ये न्हवतं रं द्यायचं मला," त्या म्हणाल्या. "काम दिलतं मी... ह्ये न्हवतं."

आता डॉक्टरांचं सांगते, कारण मी वाचणारी असते तर आधी तेच विचारलं असतं. बेळगावात दाखवलं, कोल्हापुरात दाखवलं. स्कॅन झाले. "आनुवंशिक असू शकतं," म्हणाले. असू शकतं. मीही तेच म्हटलं असतं. पण आत्तींची जुनी फाईल पुढं केली आणि विचारलं, मग यांचं एका दिवसात कसं थांबलं? डॉक्टरांनी फाईल चाळली, आत्तींना हात पुढं धरायला लावलं, परत फाईल चाळली. "असं होत नाही," एवढंच म्हणाले.

महेशचं काम उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये, तयार पार्ट मायक्रोमीटरनं मोजून पास करायचं. केसाएवढा फरक त्याच्या हाताला कळायचा. आता त्याला स्टोअरला बसवलंय.

साडी उतरली. आत्तींनी ती ट्रंकेत घालून किल्ली विहिरीत टाकली. माग गेला, खोली रिकामी झाली. पण रोज सकाळचा चहा उकळत असताना त्या दोन दोरे घेऊन लेकासमोर बसतात. "आर्धी मार. फुडची मी मारते. परत घेते मी." महेश थरथरत्या बोटांनी पीळ घालून सोडतो, आत्ती गाठ पुरी करतात आणि दोघं त्याच्या हाताकडं बघत थांबतात. काही होत नाही. एकदा न राहवून मी माझा हात पुढं केला. "आत्ती, मला द्या. मीच म्हटलं होतं मारा म्हणून." त्यांनी माझी बोटं मिटवली. "तू मोकळी ऱ्हा गं. कुणीतरी ऱ्हायला पायजे."

ही फक्त रीत होती, की आजार, की आमच्या तिघांच्या डोक्याचा खेळ, मला सांगता येत नाही. वर्गात आता कुणी भुताचं विचारलं तर मी फळा पुसायला लागते.

आजही दोऱ्याचं ते झालं. नेहमीसारखं काही झालं नाही. मी कप आणून मध्ये ठेवला. महेश हात पुढं करणार, तोच आत्तींनी तो उचलला आणि एक थेंबही न सांडता लेकाच्या तोंडाला लावला.