इंगळे सरांनी अंदमानला जाणं का सोडलं

इंगळे सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी बुलढाण्याच्या बसस्टँडवर मेहकरच्या गाडीची वाट पाहत होतो. गाडी आली, गेली, मी तिथंच बसून राहिलो... त्याला आता महिना होईल. आम्ही एकाच शाळेत होतो, ते भूगोलाचे शिक्षक आणि मी कारकून. डोणगावच्या शेतमजुराच्या घरातला हा माणूस दर हिवाळ्यात पंधरा-वीस जणांना अंदमानला न्यायचा. नळगंगेच्या धरणापलीकडे पाणी न पाहिलेल्या आम्हा लोकांना तिथल्या दाट जंगलात गप्प चालायला शिकवायचा, काचेच्या तळाच्या नावेतून प्रवाळ दाखवायचा. त्यांचा नियम एकच होता. तिथून शिंपलासुद्धा आणायचा नाही. "दगड नाही हाये तो, भाऊ. जीव हाये. आपण पाहुणे, पाहून यायचं." त्यांच्या या शब्दावरच तिथला नावाडी आम्हाला आपल्या बेटावर नेत असे.

एका वर्षी मी गेलो, सोबत सातवीतली माझी मयुरी. यात्रेहून रिकाम्या हातानं परतायची आपल्याकडे रीत नाही, त्यात बायकोनं देवघरासाठी काहीतरी आणायला बजावलेलं. ओहोटीच्या पाण्यात पायाशी प्रवाळाची एक फांदी दिसली. पठारावरच्या माणसाला दगडाची काय दयामाया, मोडली आणि पिशवीत टाकली. निघताना नावेत पिशव्या लवंडल्या आणि फांदी बाहेर पडली. सरांनी सगळ्यांना सारख्याच कापडी पिशव्या शिवून दिल्या होत्या. नावाड्यानं विचारलं, "किसकी है?" मी वाकून बाकीच्या पिशव्या सारख्या करू लागलो. सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग मयुरीकडे. "मेरी है," ते म्हणाले.

नावाडी म्हणाला, "मास्टरजी, अगले साल मत आना."

सर पुन्हा गेले नाहीत. मी नावाड्याला खरं कळवतो म्हटलं, तर म्हणाले, "काऊन? पोरीसमोर तुले चोर करू काय? राहू दे." त्यांचा जीव त्या समुद्रात होता, हे मला ठाऊक होतं. तरी मी राहू दिलं. इतक्या मोठ्या मनाचा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

शोकसभेत मयुरी बोलायला उभी राहिली. "सरांनाही एकदा प्रवाळाचा मोह झाला," ती म्हणाली, "तरी मी त्यांनाच गुरू मानते." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

मयुरी, ती पिशवी माझी होती.